सीसी६५ वापरून कमोडोर ६४ साठी सी: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेले काही महिने कमोडोर ६४ (सी६४, १९८० च्या दशकातला होम कॉम्प्युटर) साठी सी मध्ये एक छोटा गेम लिहितोय, सीसी६५ वर, म्हणजे ६५०२ घराण्यातल्या प्रोसेसरसाठीच्या सी कंपायलरवर. ८ बिट मशीन म्हटलं की असेंब्लीच (प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन्स थेट लिहायची भाषा) लागणार असं समजून जे लांब राहिलेत त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

आधी हेडर फाइल्स, कारण मला तरी यातली सगळ्यात भारी गोष्ट तीच वाटली. सी६४ डॉट एच इन्क्लुड केलं की व्हिक (ग्राफिक्स), सिड (आवाज), सीआयए (टायमर, कीबोर्ड, जॉयस्टिक) सगळ्या चिप्स स्ट्रक्ट म्हणून हाताशी येतात आणि प्रत्येक स्ट्रक्ट थेट त्या चिपच्या रजिस्टर्सच्या पत्त्यावरच बसवलेला असतो. बेसिकमध्ये ५३२८० या पत्त्यावर पोक करून (थेट आकडा लिहून) बॉर्डरचा रंग बदलायचो ना, तेच इथे व्हिकच्या बॉर्डरकलरला व्हॅल्यू द्यायची, बास. कंपायलरने बनवलेल्या असेंब्लीचं लिस्टिंग काढून बघा, फक्त एक एलडीए (व्हॅल्यू उचला) आणि एक एसटीए (मेमरीत ठेवा), हाताने लिहिलं तरी याहून कमी होणार नाही. आता काही नवीन करायचं असलं की मी आधी हेडरच उघडतो.

कंपायलरचं मात्र समजून घ्यावं लागतं. पीसीवर लिहितो तसंच सी इथे लिहिलं तर प्रोग्राम रांगतो, कारण या मशीनच्या ६५०२ घराण्यातल्या प्रोसेसरकडे कामाची ८ बिटची तीनच रजिस्टर, स्टॅक २५६ बाइटचा आणि गुणाकाराची इन्स्ट्रक्शनच नाही. म्हणून लोकल व्हेरिएबल्स वेगळ्या सॉफ्टवेअर स्टॅकवर जातात आणि तिथून काढण्यात वेळ जातो. ते स्टॅटिक करा, फरक लगेच दिसतो, फक्त मग रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच कॉल करणं) विसरायचं. लूपला इंट नको, अनसाइन्ड कॅर घ्या. स्क्रीनवरची जागा काढायला ओळ गुणिले ४० (एका ओळीत ४० अक्षरं) करत बसण्यापेक्षा २५ ओळींच्या पत्त्यांचं टेबल ठेवा. फ्लोट तर नाहीच.

वेळ मोजायची एक मस्त ट्रिक म्हणजे फंक्शनच्या आधी बॉर्डर लाल करायची आणि संपल्यावर परत काळी, स्क्रीनच्या कडेला जेवढा उंच लाल पट्टा दिसेल तेवढ्या रास्टर लाइन्स (स्क्रीनवर एकामागोमाग रंगवल्या जाणाऱ्या आडव्या रेषा) त्या फंक्शनने खाल्ल्या. पाल (युरोपातली टीव्ही पद्धत) मशीनवर फ्रेमला ३१२ लाइन्स आणि एका लाइनला प्रोसेसरच्या ६३ सायकल, म्हणजे हिशोब तिथल्या तिथे डोळ्यासमोर. स्प्राइट (गेममधली हलणारी छोटी चित्रं) हलवायचं माझं सगळं ऑप्टिमायझेशन असंच पट्टा बघत बघत झालं.

नवीन माणूस अडकतो तो अक्षरांमध्ये. स्ट्रिंग पेटस्कीत (कमोडोरचा स्वतःचा अक्षरांचा कोड) बदलून मिळते, पण स्क्रीन मेमरीत थेट लिहायचं तर स्क्रीन कोड हा वेगळाच कोड लागतो, पेटस्कीत ए म्हणजे ६५ आणि स्क्रीन कोडमध्ये १. त्यासाठीही वेगळं हेडर आहे, ते शोधून ठेवा.

रास्टर इंटरप्ट (ठरावीक लाइनवर पोचलं की आपोआप चालणारा कोड) मी सरळ असेंब्लीत लिहिला, सीए६५ हा असेंब्लर सोबतच येतो आणि लिंक करताना काही त्रास नाही. निव्वळ वेग हवा असेल तर एलएलव्हीएम-एमओएस हा दुसरा कंपायलर नक्की बघा, पण मी इथेच आहे कारण अ‍ॅपल २, अटारी सगळे टार्गेट्स एकाच टूलमध्ये मिळतात. सध्या हाच गेम अटारीवर नेतोय, कोनिओवाला (स्क्रीन-कीबोर्डची सीसी६५ मधली लायब्ररी वापरणारा) भाग तसाच कंपाइल झाला, व्हिकशी बोलणारी फाइल तेवढी नव्याने लिहावी लागतेय.