शिगम्यापासून चवथीपर्यंत: क्रिल ऑइलचा अनुभव

क्रिल ऑइल, म्हणजे क्रिल या कोळंबीसारख्या इवल्या समुद्री जीवाचे तेल, सुरू करण्याआधी मी बराच काळ साधे फिश ऑइल घेत होते, त्यामुळे दोन्हींमधला फरक मला नीट सांगता येतो. फिश ऑइलची जाडी पिवळी कॅप्सूल घेतली की दुपारपर्यंत माशाचे ढेकर यायचे. क्रिलची कॅप्सूल लहान आणि गडद लाल असते. जेवताना घेतली तर ढेकर जवळजवळ येतच नाहीत. क्रिलमधले ओमेगा-३ (मासळीत मिळणारे स्निग्धाम्ल) बरेचसे फॉस्फोलिपिडांच्या, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या चरबीच्या, रूपात असते आणि ते पोटातल्या पाण्यात मिसळून जाते. माशाचे तेल वर तरंगत राहते. लाल रंग अ‍ॅस्टाझँथिनचा. सुंगटे (कोळंबी) शिजल्यावर लाल होतात तीही याच रंगद्रव्यामुळे.

मला हे घ्यायचे होते ट्रायग्लिसराइडसाठी, म्हणजे रक्तातल्या चरबीसाठी. शिगम्याच्या (होळीच्या) सुमारास आकडा 238 होता, चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) केलेल्या तपासणीत 191 आला. आनंद झालाच. पण त्याच महिन्यांत मी संध्याकाळचे पाव आणि चहातली साखर सोडली होती आणि रोज चालायला जात होते. सगळे श्रेय कॅप्सूलला देणे मला पटत नाही. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत ट्रायग्लिसराइड 500 च्या वर असलेल्या लोकांना रोज 4 ग्रॅम क्रिल ऑइल दिले होते. 26 आठवड्यांनी त्यांचा आकडा सरासरी 33.5 टक्के उतरला, आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवरच्या लोकांचाही 20.8 टक्के. म्हणजे फायदा खरा आहे, पण तो एवढ्या मोठ्या मात्रेचा. मी घेत होते रोज 1 ग्रॅम.

सासूबाईंनी माझ्याबरोबर सुरू केले ते गुडघ्यांसाठी. पहिल्या काही आठवड्यांत त्या म्हणायच्या, ‘बरं वाटतंय गो, देवळाच्या पायऱ्या चढताना आता हात धरावा लागत नाही.’ मग श्रावण आला. कॅप्सूल शिवराक (शाकाहारी) नव्हे, म्हणून त्यांनी महिनाभर बंद ठेवली. गुडघे होते तसेच राहिले, ना जास्त दुखले ना कमी. ऑस्ट्रेलियात 262 जणांवर झालेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही हेच दिसले होते. संधिवाताने गुडघे दुखणाऱ्यांना 24 आठवडे रोज 2 ग्रॅम क्रिल ऑइल दिले. दुखणे कमी झाले, पण दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचेही जवळजवळ तेवढेच. श्रावणानंतर सासूबाईंनी परत सुरू केले नाही, आणि मीही आग्रह केला नाही. त्यांचे पैसे फिजिओथेरपीला गेलेले जास्त बरे, हे माझे स्पष्ट मत.

पैशांवरून आठवले, बाटलीच्या पुढच्या बाजूचा ‘500 मिग्रॅ’ हा आकडा तेलाचा असतो, ओमेगा-३ चा नव्हे. मागचे बारीक अक्षर वाचा. माझ्या बाटलीवर एका कॅप्सूलमध्ये ईपीए 60 आणि डीएचए 30 मिलिग्रॅम (ही ओमेगा-३ चीच दोन रूपे) लिहिले होते. दोन कॅप्सूल घेऊनही 180 च होतात. साध्या 1 ग्रॅमच्या फिश ऑइल कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून साधारण 300 असतात, आणि ती कितीतरी स्वस्त. क्रिलचे ओमेगा-३ अंगाला जास्त लागते असे विक्रेते सांगतात, पण एवढा फरक त्याने भरून निघेल असे मला वाटत नाही. आणि आपल्याकडे तर तारले आणि बांगडे आहेत! तारल्यांच्या एका जेवणात या दोन कॅप्सूलांपेक्षा जास्त ओमेगा-३ असते. तळून नव्हे, तिरफळे घालून हुमण (कालवण) केले तर उत्तमच. म्हणून मला कॅप्सूलचा उपयोग खरा वाटला तो जून-जुलैमध्ये, ट्रॉलर धक्क्याला बांधलेले असतात आणि ताजी मासळी बाजारात मोजकीच दिसते तेव्हा. त्या दिवसांत बाटली मात्र घट्ट बंद ठेवा. आपल्या पावसातल्या दमटपणाने माझ्या कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या होत्या.

आमच्या काकांच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि ते रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेतात. त्यांनाही एक बाटली हवी होती, डॉक्टरांनी थेट नाही म्हटले. असे औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. सुंगटांची, कुर्ल्यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर क्रिलपासून लांबच राहावे, कारण क्रिल त्याच कुळातले. जास्त मात्रेच्या ओमेगा-३ ने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोकाही वाढतो.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. क्रिल येते अंटार्क्टिकाच्या समुद्रातून. तिथे जाणारी भारताची पहिली मोहीम 1981 साली आपल्याच गोव्यातल्या मुरगावहून निघाली होती, आणि आजही त्या खंडाचा अभ्यास करणारी आपली संस्था वास्कोत, हेडलँड सड्यावर आहे. देवमासे, पेंग्विन, सील ही सगळी क्रिलवर जगतात. तिथल्या मुख्य भागात वर्षाला 6,20,000 टन एवढीच मासेमारी करण्याची मर्यादा आहे, आणि 2025 मध्ये ती हंगाम संपण्याआधीच गाठली गेली, म्हणून मासेमारी थांबवावी लागली. मासळीला अंडी घालता यावीत म्हणून आपण दोन महिने ट्रॉलर बांधून ठेवतो. घरात तारले शिजत असताना त्या दूरच्या समुद्रातले क्रिल विकत आणावे का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

बाजारात तारले भरपूर आहेत तोवर माझी कॅप्सूल बंद राहील. माझी पुतणी मासळी खातच नाही. तिला ओमेगा-३ हवे होते, तर मी शैवालाच्या तेलाची कॅप्सूल सुचवली. त्यात डीएचए थेट मिळते आणि मासळीचा संबंध येत नाही. फक्त कवच जिलेटिनचे (ते प्राण्यांपासून किंवा मासळीपासून करतात) नाही ना, तेवढे लेबलवर बघून घ्यायला सांगितले.