दलाए 135 एम : अकरा महिने, 2,600 किलोमीटर आणि एक कार्बन ब्रश

सासऱ्यांच्या डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला आणि त्यांची 1938 सालची दलाए ही फ्रेंच मोटार गेल्या जूनमध्ये फ्रान्समधल्या लियोंला आमच्या दारात आली. शाप्रों या बॉडी बांधणाऱ्या कारागिराची दोन दारांची बॉडी, 3,557 सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि एकच कार्बोरेटर. या 135 मालिकेने 1937 ची माँटे कार्लो रॅली आणि 1938 ची ल मां शर्यत जिंकली, आणि तिच्या इंजिनाचे मूळ लॉरीत आहे, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणारच. मला लिहायचे आहे ते तिच्या कोताल या विजेवर गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सबद्दल, कारण या अकरा महिन्यांत मला आनंद, मनस्ताप आणि खर्च या तिन्ही गोष्टी त्यानेच दिल्या.

स्टिअरिंगखाली अंगठ्याएवढी एक दांडी असते आणि ती एच आकाराच्या इवल्याशा खाचेत बोटाने सरकवायची असते. क्लच लागतो तो फक्त गाडी जागची हलवताना. पुढचे काम पेटीतली विद्युतचुंबके करतात. दांडी सरकवली की वीजप्रवाह दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा किंचित थरथरतो आणि पुढचा गिअर लागलेला असतो. पुढे की मागे हे ठरवणारा दांडा खाली वेगळा आहे. त्यामुळे मागे जाण्यासाठीही चार गिअर मिळतात. त्यांचा उपयोग कोणाला होत असेल ते देव जाणे. पहिले दोन महिने मी या प्रकाराला श्रीमंतांचे खेळणे समजत होतो, आणि लिटरला जेमतेम साडेपाच किलोमीटर देणाऱ्या गाडीत खेळण्यांची भर कशाला, असे घरात बोलूनही दाखवले होते.

ऑक्टोबरात सेंत-एतिएनहून कोल द ला रेप्युब्लिकच्या घाटाला लागलो. माथा 1,161 मीटरवर आहे. एका वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात दांडी टाकली, तर काटा हलला नाही, इंजिन मोकळे गुरगुरले आणि गाडी मागे सरकू लागली. चुंबकाला वीज मिळाली नाही की हा गिअरबॉक्स न्यूट्रलला जातो, हे मी वाचलेले होते. पाठीमागे ट्रक असताना ते वाचणे आठवण्याची वेळ प्रथमच आली. हँडब्रेक ओढला, पहिला टाकून पाहिला, तो लागला. उतारावर हेच घडले असते तर इंजिनाचा अटकाव गेला असता आणि सगळी भिस्त केबलने ओढल्या जाणाऱ्या ब्रेकवर राहिली असती. तो विचार अजून पाठ सोडत नाही. त्या दिवशी पहिला आणि तिसरा एवढ्याच दोन गिअरांवर घरी पोचलो.

ज्या गॅरेजात गाडी दिली, त्यांनी ती सहा आठवडे ठेवली, तपासणीचे 290 युरो आधी घेतले आणि मग संपूर्ण गिअरबॉक्स उतरवून चारही चुंबकांची वेटोळी नव्याने भरण्याचा 4,800 युरोंचा अंदाज हातात ठेवला. नेमकी कोणती वेटोळी जळाली आहेत, या प्रश्नाला उत्तर आले नाही. त्या रकमेत आम्हा चौघांचे पुण्याला जाणे-येणे होते, म्हणून गाडी परत आणली आणि सासऱ्यांना फोन केला.

त्यांनी फोनवर एवढेच विचारले की कोणते गिअर लागतात. पहिला आणि तिसरा, असे सांगितल्यावर ते हसले. प्रत्येक गिअरला दोन चुंबके लागतात. दुसऱ्यात आणि चौथ्यात सामाईक असलेले एकच चुंबक उपाशी आहे, म्हणजे बाकी पेटी ठणठणीत आहे. रविवारी ते स्वतः आले, खुर्चीवर बसून राहिले आणि मला पायाखालची फळी उचलायला लावली. फिरत्या चुंबकाला वीज पोचवणारा कार्बन ब्रश, अगदी आपल्या मिक्सरमध्ये असतो तसाच, तेलाच्या काळ्या चिकट्याने आपल्या खोबणीत अडकून बसला होता. स्प्रिंग त्याला दाबत होती, पण तो सरकत नव्हता. रॉकेलने खोबण धुतली, ब्रश बारीक पॉलिश पेपरवर घासला आणि मल्टिमीटर लावला. दुसरा लागला, चौथाही लागला. खर्च झाला तो पेपरचा.

तेव्हापासून माझे मत पार फिरले आहे. ज्या यंत्राचा बिघाड कोणते गिअर गेले एवढ्यावरून घरबसल्या ओळखता येतो, त्याला खेळणे म्हणण्याचे धाडस आता होत नाही. गुडघ्याच्या दुखण्यामुळेच सासऱ्यांनी मुद्दाम कोतालवाली गाडी निवडली होती, हेही त्याच दिवशी कळले.

एक तक्रार राहतेच. फ्रान्समध्ये वाहने रस्त्याच्या उजवीकडून धावत असूनही त्या काळच्या महागड्या फ्रेंच गाड्यांप्रमाणे हिचे स्टिअरिंग उजवीकडेच आहे. पुण्यात गाडी शिकलेल्या माणसाला बसल्याबरोबर घरच्यासारखे वाटते, पण पुढच्या ट्रकला ओलांडायचे झाले की समोरून कोण येते ते डावीकडे बसलेल्या बायकोला विचारावे लागते, आणि ती तीन वेळा नको म्हटल्यावर एकदा हो म्हणते.

आता डॅशबोर्डच्या कप्प्यात दोन नवे ब्रश ठेवले आहेत. तपासणीचे 290 युरो मात्र अजून परत आलेले नाहीत. दुसरे रजिस्टर पत्र सोमवारी टाकले आहे.