इनहिबिटर निघाला, आता नोव्होसेव्हन, फीबा की हेमलिब्रा?

भाच्याला हिमोफिलिया 'ए' आहे, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर आठ हे प्रथिन त्याच्यात कमी पडतं. ते बाहेरून देऊनही त्याच्या गुडघ्याची सूज उतरेना, तेव्हा तपासणीत इनहिबिटर निघाला. म्हणजे बाहेरून दिलेल्या फॅक्टरवर शरीरानंच अँटिबॉडी सोडल्या होत्या. तीव्र हिमोफिलिया 'ए'मध्ये साधारण 25 ते 30 टक्के जणांत हे होतं. टायटर, म्हणजे रक्तातलं इनहिबिटरचं प्रमाण, 5 बेथेस्डा युनिटांच्या (ते मोजायचं एकक) आत असेल तर फॅक्टरचा डोस वाढवून भागतं. त्यापुढे सहसा नाही.

नोव्होसेव्हन आणि फीबा ही दोन्ही औषधं सुरू झालेला ब्लीड (रक्तस्राव) थांबवतात, आठव्या फॅक्टरला वळसा घालून. खरा फरक वेळेचा. नोव्होसेव्हन दोन-पाच मिनिटांत शिरेतून जातं, पण सहसा दर 2-3 तासांनी पुन्हा द्यावं लागतं. फीबा हळूहळू, अर्धा-पाऊण तास चालतं, मात्र पुढचा डोस 6 ते 12 तासांनी. जुन्नरहून पुण्याला येईपर्यंत अडीच तास जातात. अशा घरात पहिला डोस फ्रिजमध्ये हवाच. एकाला जे लागू पडतं ते दुसऱ्याला पडेलच असं नाही, म्हणून कशानं सूज उतरली ते वहीत लिहा.

हेमलिब्रा वेगळं. ते कातडीखाली टोचतात, सुरुवातीचे चार आठवडे दर आठवड्याला, मग 1, 2 किंवा 4 आठवड्यांनी. ब्लीड होऊच नये म्हणून ते आहे. झालेला ब्लीड त्यानं थांबत नाही. ते चालू असताना फीबाचा मोठा डोस एका दिवसाहून जास्त दिल्यावर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे तेव्हा नोव्होसेव्हन बरं. आणखी एक, हेमलिब्रावर असताना एपीटीटीचा, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट फसवा नॉर्मल येतो. अपघात झाला तर अनोळखी डॉक्टरला हे कसं कळणार? खिशात कार्ड ठेवा.

इनहिबिटरच घालवायचा तर आयटीआय, म्हणजे शरीराला फॅक्टरची सवय लावायचा उपचार: रोज किंवा दिवसाआड फॅक्टर, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. साधारण दोन तृतीयांश जणांत यश येतं. पण हडपसरहून रोज इस्पितळ गाठायचं, लहान पोराची शीर शोधायची, नाहीतर पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली कायमची बसवलेली नळी) बसवून जंतुसंसर्ग सांभाळायचा!

मूल 'ए'चं असेल आणि औषध खंड न पडता मिळणार असेल, तर मी हेमलिब्रा आधी धरेन. आधी पुरवठ्याची खात्री करा, मग सुरू करा.

हिमोफिलिया 'बी'वाल्यांना (त्यांच्यात नववा फॅक्टर कमी असतो) हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. हेमलिब्रा तिथं चालत नाही. फीबात नववा फॅक्टर असतो, आणि इनहिबिटर असलेल्या 'बी'च्या काही रुग्णांना त्याचीच जबर ॲलर्जी येते.