शाळेतली टोर्नेडो सेफ रूम: पाचपैकी चार स्टार

लेकीच्या शाळेत (ओक्लाहोमा सिटीच्या जवळच) सेफ रूम बांधून झालीये, ओपन हाउसला आत जाऊन बघितली. एरवी जिम म्हणूनच वापरतात, पण भिंती जाड काँक्रीटच्या आणि दार असलं वजनदार की पोरांना एकट्याने ओढवत नाही. असल्या दारांची टेस्ट भारी असते, 15 पौंडाचा लाकडी वासा ताशी 100 मैल वेगाने तोफेतून त्यावर मारतात! डिझाइन ताशी 250 मैल वाऱ्याचं. जागा माणशी 5 चौरस फूट धरतात, म्हणजे दाटीवाटीच, पण चालतंय की, तिथे काय पंगत बसवायचीये.

एक स्टार कापला तो पैशांपायी. फेमाची (केंद्र सरकारची आपत्ती निवारण संस्था) ग्रँट मिळाली तर खर्चाचे साधारण 75 टक्के सुटतात, उरलेले बाँड (कर्जरोखे) काढून, म्हणजे आपल्याच प्रॉपर्टी टॅक्समधून, आणि इथे शाळेचा बाँड पास व्हायला 60 टक्के मतं लागतात. इथल्याच मूर गावात 20 मे 2013 ला टोर्नेडोत प्लाझा टॉवर्स शाळेत 7 मुलं गेली, त्यानंतर राज्यानेच 500 मिलियन डॉलरचा बाँड काढावा म्हणून सह्या गोळा केल्या लोकांनी, पण ते मतदानापर्यंत पोचलंच नाही. मग काय, ज्या गावात घरं महाग तिथे सेफ रूम आणि बाकीची पोरं कॉरिडॉरमध्ये डोक्यावर हात धरून बसणार? राज्यानेच द्यायला पाहिजेत, सरळ हिशोब आहे.

बाकी टॉयलेट कमी आहेत, तेवढं बघा जरा.