घरी टीपीएन, दहा महिने: पंप, पिशव्या आणि मिठाचं पाणी

जळालेली मोटार उघडायची, आतली तार मोजायची, हे माझं रोजचं काम. जानेवारीत माझंच पोट उघडलं आणि डॉक्टरांनी आतडं मोजलं. लहान आतडं साधारण सहा मीटर असतं, माझं उरलं ९० सेंटीमीटर. आतड्याला रक्त नेणाऱ्या धमनीत गुठळी अडकून बाकीचं काळं पडलं होतं. २०० सेंटीमीटरच्या खाली गेलं की शॉर्ट बॉवेल म्हणतात. खाल्लेल्यातून अंगाला पुरेसं काही मिळेना आणि शिरेतून द्यावं लागलं, की ते इंटेस्टायनल फेल्युअर. किडनी फेल, लिव्हर फेल आपल्याकडे पोरांनाही कळतं. आतडं फेल झालंय म्हटलं तर निलंग्यातले लोक विचारतात, "म्हंजे गॅस का?"

मार्चपासून टीपीएन घरी घेतोय. शिरेतून दिलं जाणारं संपूर्ण जेवण. छातीच्या कातडीखालून फिरवून मोठ्या शिरेत नळी सोडली आहे. रात्री आठला पिशवी जोडायची, सकाळी आठला काढायची. पिशवीत तीन कप्पे, साखर, प्रथिनं आणि दुधासारखी पांढरी चरबी. दाबून मधले पडदे फोडले की तिन्ही एकत्र होतात, मग व्हिटॅमिन घालायचे. १९६०च्या दशकात अमेरिकेत स्टॅनली डड्रिक नावाच्या सर्जनने कुत्र्याची पिलं नुसत्या शिरेतल्या अन्नावर वाढवून दाखवली, तिथून हे सुरू झालं. पहिल्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर वाचत पडलो होतो. नंतरही झोप बेताचीच, कारण रात्रभरात दोन लिटर अंगात गेल्यावर चार वेळा उठावं लागतंच. एका हातात स्टँड, दुसऱ्या हातात पायजमा.

पंपाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. नळीत हवा आली की ओरडतो, नळी अंगाखाली दबली की ओरडतो, आणि हे बहुतेक रात्री दोनलाच. बॅटरी कागदावर चार तास. सातव्या महिन्यात ती दीड तासावर आली. ज्याच्याकडून पंप घेतला तो म्हणाला, "व्होल्टेजमुळं होतं." तीस वर्षं मोटारींत तार भरतोय, मला व्होल्टेज शिकवतो! सेल बसला होता, दुसरं काही नाही. लाइट जाणाऱ्या गावात पंप घरातल्या इन्व्हर्टरवर घ्या आणि बॅटरीची तारीख लिहून ठेवा.

पिशव्या २५ अंशांच्या खाली ठेवायच्या, असं वेष्टनावर छापलेलं. एप्रिलात आमच्या पत्र्याच्या खोलीत ४२. कुलर चालवला तर दमट हवेने खोके भिजायला लागले. शेवटी आतल्या खोलीत एसी बसवला. घरातला पहिला एसी पिशव्यांसाठी! आई दुपारी तिथेच चटई टाकायची. एका रात्रीची पिशवी म्हणजे दोन मोटारी भरायची मजुरी. दादाने सोयाबीनचे पैसे इकडे वळवले नसते तर मी हे लिहायला नसतो.

पण सगळ्यांत जास्त गुण आला तो सगळ्यांत स्वस्त वस्तूचा, मिठाच्या पाण्याचा. सुरुवातीचे महिने आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं होतं आणि दिवसाला चार लिटर बाहेर यायचं. जीभ टाळूला चिकटायची, म्हणून मी माठातलं पाणी प्यायचो आणि पोटावरची पिशवी आणखी भरायची. डॉक्टरांनी साधं पाणी दिवसाला अर्ध्या लिटरवर आणलं. आतड्याचा वरचा भाग गळका असतो. साधं पाणी आत गेलं की अंगातलंच मीठ त्यात उतरतं आणि जाताना आणखी पाणी घेऊन जातं. मीठ आणि ग्लुकोज जोडीने असले तरच ते आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागे येतं. मला लिहून दिलेलं माप असं: एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. दुकानातल्या तार तोलायच्या काट्यावर बायको पुड्या बांधते. चव घामासारखी. मे महिन्यात दारात आलेल्याला आधी तांब्या देणारं आमचं घर, आणि मी पाण्याला नाही म्हणतोय. आई म्हणायची, "लेकरा, घोटभर तरी पी की." आठवड्यात चार लिटरचे दोन झाले, मोजपात्र तिलाच दाखवलं. सोबत जुलाब थांबवायची साधी गोळी, जेवणाआधी अर्धा तास, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत.

जुलैत नळीत जंतू गेले. कसे, ते सांगतो. साध्या तापासाठी जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या कंपाउंडरला हातात शीर सापडेना, म्हणून त्याने ग्लोव्ह्ज न घालता छातीतल्याच नळीतून सुई दिली. मीही गप्प बसलो. दोन दिवसांनी पिशवी जोडली आणि अर्ध्या तासात हुडहुडी, तीन गोधड्या टाकूनही दात वाजत होते. पिशवी सुरू झाल्यावर थंडी वाजली तर ती नळीचीच समजायची आणि लगेच निघायचं. आम्ही पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघितली, ती चूक. बारा दिवस ॲडमिट. आता नळीला बायकोशिवाय कुणाचा हात नाही. कोपरापर्यंत हात धुते, पंखा बंद करते, तेवढा वेळ बोलत नाही. टँकरचं पाणी तर हात धुवायलाही नाही, त्यासाठी जार वेगळा.

सप्टेंबरात उरलेलं आतडं मोठ्या आतड्याला जोडलं. मोठं आतडं पाणी ओढतं, न पचलेल्या भाकरीतूनही थोडी ताकद काढतं. सातच्या जागी तीनच रात्री पिशवी लागते. उरलेलं आतडं दोन वर्षांपर्यंत काम शिकत राहतं म्हणे. वजन ६४चं ४१ झालं होतं, आता ५२. बी-१२चं इंजेक्शन कायमचं. पिशवीने लिव्हर बिघडू शकतं, म्हणून रक्त तपासत राहायचं. आतडं वाढवणारं रोजचं इंजेक्शन अमेरिकेत २०१२ला मंजूर झालं, पण किंमत ऐकून मी विषय बदलला. आतडं बदलायचं ऑपरेशन लिव्हर बिघडलं किंवा नळीला शिरा उरल्या नाहीत तर, असं डॉक्टर म्हणाले.

नवं दुखणं म्हणजे मुतखड्याची भीती. चरबी नीट पचत नसली की अन्नातलं खडा करणारं ऑक्झलेट जास्त शोषलं जातं, त्यामुळे शेंगदाणे, पालक, चहा यांना आवर. शेंगदाण्याच्या चटणीशिवाय भाकरी, हे मला टीपीएनपेक्षा अवघड गेलं.

परवा येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, शेतात गेलो. पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीतले शेंगदाणे बायकोने वेचून काढले, हिरवं फक्त चाखलं. आंबील मात्र वाटीभर प्यायलो, वरून चिमूटभर मीठ टाकून. वहिनी म्हणाल्या, "भावजी, खारट झाली की हो." मी आणखी थोडी मागून घेतली.