जाक तातीचा ब्लू-रे संच: एका निवृत्त पोस्टमनचा अभिप्राय

गिरगावात ३४ वर्षं बटवडा केला. म्हणून मुलीने फ्रेंच विनोदी दिग्दर्शक-नट जाक तातीच्या सहा चित्रपटांचा हा संच आणून दिला, तेव्हा पोस्टमनचाच आधी लावायला घेतला. प्लेअर डिस्क घेईना. ब्लू-रेसाठी जगाचे विभाग पाडलेत, एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. फ्रान्सच्या डिस्का 'बी' विभागाच्या, आपला विभाग 'सी'. विकणाऱ्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. शेवटी जावयाने सगळ्या विभागांचा प्लेअर आणला. तेव्हा आधी चौकशी करा, मग पैसे मोजा.

'झूर द फेत' (१९४९). फ्रान्स्वा पोस्टमन तातीने स्वतःच केलाय. जत्रेतल्या तंबूत अमेरिकन टपालाची फिल्म बघतो आणि याच्या अंगात वारं शिरतं. चालत्या ट्रकच्या मागच्या फळीवर टपाल मांडून शिक्के मारत सुटतो! हसून हसून पोट दुखलं, पण माझं लक्ष त्याच्या हाताकडे. शिक्क्याचा ठेका अगदी आमच्यासारखा. म्युझिक हॉलमध्ये टेनिसवाल्यांच्या, बॉक्सरांच्या मुक्या नकला करून वर आलेला माणूस तो. कामाचा हात त्याला बरोबर दिसायचा.

हा चित्रपट १९४७ मध्ये रंगीतही टिपला होता, पण त्या नव्या रंगपद्धतीची प्रत काढताच येईना, म्हणून कृष्णधवल लागला. रंगीत आवृत्ती तातीच्या मुलीने, सोफीने, १९९५ मध्ये उभी केली. बाप १९८२ मध्येच गेलेला. एवढ्या उशिरा टपाल पोचवलं असतं तर आम्हाला मेमो मिळाला असता.

संचातल्याच 'माँ ओंक्ल'ला ऑस्कर आहे. त्यातल्या बाई पाहुणे आले की बागेतल्या माशाचं कारंजं सुरू करतात. आमच्या चाळीत शोकेसमधल्या कपबश्या अशाच निघायच्या.

'प्लेटाइम' (१९६७) मात्र ३२ इंची टीव्हीवर बघू नका. ७० मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर चित्रित केलेला, त्यासाठी पॅरिसबाहेर काचेच्या इमारतींचं अख्खं शहर उभारलेलं. त्यापायी ताती कर्जात बुडाला, स्वतःच्या चित्रपटांचे हक्कही हातचे गेले. गंमत पडद्याच्या कुठल्या कोपऱ्यात चाललीय ते कळायला मला टीव्हीपुढे स्टूल टाकून बसावं लागलं. तेवढ्यात बायको दुसऱ्याच कोपऱ्याला हसत होती.

उपशीर्षकं इंग्रजी आहेत. पण बोलणं इतकं कमी की माझं काही अडलं नाही. सोबतच्या लघुपटांत पोस्टमनांच्या शाळेचाही एक आहे. तो रविवारपर्यंत राखून ठेवलाय, सॉर्टिंगमधले दोन जुने सोबती यायचेत.