हॉलचा आवाज सुधारून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा!

आमच्या सोसायटीच्या हॉलचे 1,87,440 रुपये गेले. सेक्रेटरी मी, सही माझी, त्यामुळे शिव्याही मलाच.

हॉल तुमच्याकडे असतो तसाच. कोटा फरशी, प्लास्टरच्या भिंती, वर स्लॅब. एजीएममध्ये माइकवर बोललेलं मागच्या रांगेत निव्वळ गोंगाट. हा माणूस गणपतीच्या आधी आला. 1,000 चौरस फूट अकॉस्टिक (आवाज शोषणारं) पॅनेल, 180 रुपये दराने 1,80,000, वर जीएसटी 32,400. बाकीची दोन कोटेशनं सव्वातीन लाखांच्या पुढची. ठराव रीतसर झाला होता, कुणी वेगळं सांगत असेल तर इतिवृत्त दाखवतो.

डेमो आठवला की आजही डोकं फिरतं. त्याने टाळी वाजवली, मोबाइलवर आलेख दाखवला: चार सेकंद घुमतंय. मग पॅनेलचे चार तुकडे भिंतीला टेकवले आणि कपाळ पुसत म्हणाला, "काका, फार उकडतंय, खिडक्या उघडता का?" सहाही खिडक्या मी उघडल्या. मी, स्वतःच्या हाताने! दुसरी टाळी, दोन सेकंद. सगळे खूश. अहो, उघडी खिडकी म्हणजे बाहेर गेलेला आवाज परत येतच नाही. सॅबिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने सव्वाशे वर्षांपूर्वी आवाज शोषण्याचं मापच उघड्या खिडकीवरून ठरवलं होतं, हे मला आता कळतंय. मी कॉमर्सचा माणूस. कमिटीतले दोन इंजिनिअर शेजारीच बसून मान डोलवत होते, त्यांना कुणी विचारत नाही.

ॲडव्हान्स 1,27,440, माल आल्यावर 60,000. लावला काय, तर 12 मिलिमीटरचा पॅकिंगचा फोम. आधी दाखवलेला टेस्ट रिपोर्ट 50 मिलिमीटर ग्लासवूलचा (काचेच्या तंतूंचा) होता. जाडी स्वतः पट्टीने मोजा. आता टाळांची धार गेली, डग्गा मात्र तसाच घुमतो आणि वक्ता पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. 'फायर रिटार्डंट', म्हणजे सहज पेट न घेणारा, असं लिहिलेला तुकडा गच्चीवर काडी लावून पाहिला. भडकन पेटला, काळा धूर, जळते थेंब खाली. याच हॉलमध्ये आपण समया लावतो!

चौकीत म्हणाले, "माल दिलाय ना? मग दिवाणी मॅटर आहे, वकील बघा." सायबरवाले म्हणाले, समोरासमोरचा व्यवहार, आमच्याकडे येत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, मग 'समोरून प्रतिसाद नाही' म्हणून बंद. कोटेशनवरचा जीएसटी नंबर रद्द झालेला निघाला (पोर्टलवर फुकट दिसतो, पैसे देण्याआधी बघा), तर जीएसटी ऑफिसातले साहेब म्हणतात तक्रार ऑनलाइन टाका. टाकलं. शांतता. आणि उपनिबंधक कार्यालयाने चोर सोडून मलाच खुलासा मागितला, सात दिवसांत! पाच लाखांपर्यंत ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही. आता तिथे अर्ज केलाय.

डेमो खिडक्या बंद करून, सतरंज्या उचलून, रिकाम्या हॉलमध्येच घ्या. पॅनेलच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. आणि त्याचे उरलेले 24,960 आपल्याकडे अडकलेत म्हणून तो परत येईल, या आशेवर बसू नका. आमच्याकडे आला नाही. फोम खरवडून काढायचे साडेसहा हजार सांगितलेत, आणि गोंदाबरोबर रंगही निघतोय, त्याचा खर्च वेगळा.